आडवा बांधलेला दोर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो, आणि सध्या आडवा आहे. माझं एक टोक बोरीच्या खोडाला आणि दुसरं एका लोखंडी खुंटीला बांधलेलं आहे. माझ्या मागे घारकडा उभा आहे. पाऊस पडून गेला की त्या कड्यावर कोणी चढू नये म्हणून मला इथे बांधून ठेवतात. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून म्हणतात, "कपडे वाळू घालायला बरा हाय." एकदा तर कोणीतरी खरंच माझ्यावर ओला टॉवेल टाकून शेतात गेलं. मला फार राग आला. पण दोराच्या रागाला विचारतो कोण?

तसा मी मुळात रागीट नव्हतो. उलट मला थोडा तोराच होता. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात नायलॉनच्या पांढऱ्या लडी आहेत आणि त्यांच्यावर निळी-पिवळी विणलेली साल आहे. लोकांना साल तेवढी दिसते, वजन मात्र पोट पेलतं. चढताना माणसाचा पाय निसटला तर त्याला खाली पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. झटका बसला की मी जरासा ताणला जातो, म्हणून त्या माणसाची कंबर मोडत नाही. घट्ट धरायचं आणि तरी दुखवायचं नाही, हे सगळ्यांना जमत नाही. मला जमायचं.

मी जालन्याला आलो तो एका खोक्यातून, देवानंद सरांच्या घरी. सर एका शाळेत खेळ शिकवायचे आणि गावातल्या मस्तगड भागात राहायचे. तरुणपणी ते कुठेकुठे जाऊन कडे चढले होते. आपल्या जालन्याच्या पोरापोरींनाही हे यावं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. त्यांनी दारातच खोकं उघडलं, तेव्हा समोरचे दुकानदार संपतशेठ काउंटरवरून वाकून बघत होते.

"सर, म्हैस घेतली का काय?"

"म्हैस न्हाई, शेठ. डोंगर बांधायचा हाय."

संपतशेठना वाटलं, सरांचं डोकं फिरलं. पुढे कितीतरी दिवस ते सरांना "बांधला का डोंगर?" असं विचारत राहिले.

सरांनी डोंगर शोधला तो केदारखेड्याच्या बाजूला. तिथे उतारावर एक काळा कडा आहे. वर घारी बसतात म्हणून त्याला घारकडा म्हणतात. पायथ्याशी मालनबाईंचं शेत आहे. मालनबाईंची लेक सुरेखा लहानपणापासून त्या कड्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली. मोठी झाल्यावर ती जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत कामाला लागली, पण सुट्टी मिळाली की तिचे पाय इकडेच वळायचे. सरांनी तिला एकदा चढताना पाहिलं आणि मला बाहेर काढून सरळ तिच्या कमरेला बांधलं. त्या दिवसापासून माझं एक टोक सुरेखाचं झालं.

माझं दुसरं टोक आमेरचं. आमेर मस्तगडात एका गॅरेजमध्ये मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्याचे हात कायम काळे. पण मला हात लावण्याआधी तो कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा. बॅटरीचं तेजाब माझ्या धाग्यांना लागलं तर मी वरून धडधाकट दिसेन आणि आतून कुजलेला असेन, हे सरांनी त्याला एकदाच सांगितलं होतं. त्याने मला गॅरेजच्या दारातही कधी नेलं नाही. चढाई संपली की तो मांडी घालून बसायचा आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सोडायचा. कुठे खरचटलंय का, कुठे मऊ पडलोय का, हे तो डोळे मिटून बघायचा. त्याची बोटं मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

आमचं काम असं चालायचं. सुरेखा मागच्या वाटेने कड्याच्या माथ्यावर जायची. तिथे दगडात एक लोखंडी कडी पक्की बसवलेली आहे. त्या कडीतून मला ओवून ती माझी दोन्ही टोकं खाली सोडायची. एका टोकाला चढणारा. दुसरं टोक आमेरच्या कमरपट्ट्यावरच्या धातूच्या तुकड्यातून वळून त्याच्या उजव्या हातात. चढणारा वर जाईल तसा आमेर मला ओढून घ्यायचा. चढणारा निसटला की तो मूठ आवळायचा आणि मी थांबायचो. म्हणजे माणूस माझ्यावर लटकतो असं दिसतं खरं, पण लटकतो तो आमेरच्या मुठीवर.

आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

आपल्याकडचा दगड काळा. पाऊस थांबून ऊन पडलं की दुपारपर्यंत तो असा तापतो की हात ठेववत नाही. बघणाऱ्याला वाटतं, वाळला. पण घारकड्याच्या मध्यावर, दोन काळ्या थरांच्या मधोमध, तांबड्या मातकट दगडाचा एक पट्टा आहे. तो पाणी पितो. पाणी प्यायला की मऊ पडतो, आणि त्याच्या आधाराने बसलेले काळे दगड सैल होतात. बाहेरून कडा कोरडा ठणठणीत आणि आत हा पट्टा ओला, असं कितीतरी दिवस राहतं. प्यायलेलं पाणी तो हळूहळू एका उभ्या भेगेतून खाली सोडतो. ही भेग थेट पायथ्यापर्यंत येते. म्हणजे वर पट्टा ओला आहे की नाही, हे खाली भेगेच्या तोंडाशी समजतं.

कसं समजतं? ज्वारीच्या पिठाने.

मालनबाई कणगीत ज्वारी भरण्याआधी तिच्या आतल्या सारवणाला चिमूटभर पीठ दाबून फुंकर मारायच्या. पीठ उडालं तर कणगी वाळली, भरा ज्वारी. चिकटलं तर थांबा. सुरेखाने तीच रीत कड्याला लावली. सरांना ती इतकी आवडली की त्यांनी नियमच करून टाकला. पीठ उडालं तर चढायचं, चिकटलं तर भाकरी खाऊन घरी जायचं. पिठाची एक छोटी डबी सुरेखाच्या पिशवीत कायम असायची. खरं सांगतो, पीठ चिकटलं की मला बरंच वाटायचं. मला ओल सोसत नाही. भिजलो की मी जड होतो आणि माझा जोर कमी होतो.

ते दिवस चांगले गेले. किती पोरं माझ्या टोकाला लटकून "सर, उतरवा, उतरवा" म्हणून रडली आणि खाली आल्यावर "सर, परत" म्हणाली. एक मुलगी माथ्यावर पोहोचली आणि तिथून आपलं गाव बघत राहिली, खाली यायलाच तयार होईना. कड्यावरच्या धरायच्या दगडांनाही पोरांनी नावं ठेवली होती. तांबड्या पट्ट्यात रुतलेला एक मोठा काळा दगड बाहेर आलेला होता. दमलेल्या पोरांना त्याच्यावर टेकता यायचं, म्हणून त्याचं नाव खुर्ची. लोक सरांचं कौतुक करायचे, सुरेखाचं करायचे. माझं कौतुक वर्षातून एकदाच व्हायचं, खंडेनवमीला.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळेच आपापल्या अवजारांची पूजा करतात. आमेरच्या गॅरेजमध्ये पान्यांना झेंडूची फुलं लागायची आणि तो सकाळी तिथे हजेरी लावूनच इकडे यायचा. इथे देवानंद सर मला गोल गुंडाळून कड्याच्या पायथ्याशी एका सपाट दगडावर ठेवायचे. शेजारी हेल्मेटं, कमरपट्टे. मालनबाई आम्हाला हळद-कुंकू लावायच्या. सर कड्याच्या तळाशीच नारळ फोडायचे आणि त्याचं पाणी कड्याला शिंपडायचे. पावसाळ्यानंतरची पहिली चढाई त्याच दिवशी व्हायची. दरवर्षी तोपर्यंत कडा चांगला वाळलेला असायचा. त्यामुळे पूजा आधी की पीठ आधी, हा प्रश्न कधी कोणाला पडला नव्हता.

त्या वर्षी पाऊस परत जाता जाता फार झोडपून गेला. सोयाबीन उभ्या जागी काळं पडलं. मग एकाएकी आभाळ स्वच्छ झालं आणि कडक ऊन पडलं. दसऱ्याच्या दिवशी शाळेतल्या मुलांचं शिबिर सुरू व्हायचं होतं, आणि सरांनी पहिल्यांदाच शिबिराची सगळी जबाबदारी सुरेखावर टाकली होती. तिने त्यासाठी कंपनीतून रजा काढली होती. शिबिर पुढे ढकललं तर मुलांची सुट्टी संपणार होती आणि तिचीही. मुलांना बांधण्याआधी आपण दोघांनी एकदा चढून बघायचं, असं तिचं आणि आमेरचं ठरलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी पूजा झाली. नारळ फुटला, पाणी शिंपडलं, खोबरं वाटलं. मग सुरेखाने डबी काढली, भेगेच्या तोंडाशी चिमूटभर पीठ दाबलं आणि फुंकर मारली.

"चिकटून राह्यलं," आमेर म्हणाला.

तिने पुन्हा फुंकर मारली, जरा जोरात. पिठाचा गोळा तिथेच बसला.

"चिकटंलच की," सुरेखा म्हणाली. "सरांनी आत्ताच नारळाचं पाणी शिंपडलं न्हाई का हितं?"

आमेरने खाली बघितलं. करवंटी तिथेच पडली होती आणि दगडावर पाण्याचा ओघळ दिसत होता.

"बराबर हाय," तो म्हणाला. "नारळाचंच हाय ते."

सरांनी कड्यावर तळहात ठेवून बघितला. "कसला तापलाय! उद्या लेकरं येणार. चढून घ्या जल्दी, म्हणजे माझा जीव भांड्यात पडंल."

मित्रांनो, तिघंही समजदार माणसं होती. तिघांनाही भेगेचं गुपित माहीत होतं. पण डोळ्यांसमोर एक सोयीचं कारण दिसत होतं आणि ते खोटंही नव्हतं. नारळाचं पाणी खरंच तिथे होतं. त्याच्या मागे दुसरं पाणी असेल, हे कोणाच्या मनात आलं नाही.

मला कळलं ते थोड्या वेळाने. सुरेखाने माथ्यावर जाऊन मला कडीतून ओवलं आणि खाली सोडलं. खाली येताना मी तांबड्या पट्ट्याला घासलो आणि मला गार लागलं. पट्टा लोण्यासारखा मऊ झाला होता. त्याचा चिखल माझ्या सालीला लागला. मला ओरडावंसं वाटत होतं. आमेरने मला हातात घेऊन ओढलं तेव्हा तो चिखल त्याच्या बोटांना लागला. त्याने बोटांकडे बघितलं. मला वाटलं, आता तो ओळखेल. पण सकाळी मालनबाईंनी मला कुंकू लावलेलं होतं. ते कुंकूच समजून त्याने बोटं पँटला पुसली.

आणखी एक गोष्ट झाली. आमेर नेहमी बाजूला, बोरीपाशी उभा राहायचा. वरून काही पडलं तर ते तिथे येत नाही. पण त्या दिवशी बोरीपाशीच, सपाट दगडावर, पूजा मांडलेली होती, फुलं होती, दिवा होता. तिथे चपला घालून कसं उभं राहायचं, म्हणून तो सरकून बरोबर कड्याखाली उभा राहिला.

सुरेखा चढायला लागली. ती छान चढत होती. तिच्या कमरेपाशी मी सैल होतो, तिला माझी गरजच पडत नव्हती. मालनबाई भाकरी बांधून आणलेलं फडकं मांडीवर घेऊन दूर बसल्या होत्या आणि लेकीकडे बघत होत्या. सुरेखा खुर्चीपाशी पोहोचली. तिने दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि अंग वर उचललं. इतका मोठा दगड, पण दुधाचा दात पडावा तसा अलगद निघून आला.

"दगड!" ती किंचाळली.

मित्रांनो, आमेरला बाजूला उडी मारता आली असती. खाली उभ्या असलेल्या कोणीही तेच केलं असतं. पण उडी मारायची तर मूठ सैल झाली असती, आणि मूठ सैल झाली असती तर मी सुटलो असतो. सुरेखा निसटली होती. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं होतं. आमेरने मान आत घेतली, अंग वळवलं आणि मूठ आवळली. तो दगड त्याच्या उजव्या हातावर आला.

मी त्या हातात होतो. बोटं मोडलेली मला कळली. तरीही ती उघडली नाहीत. मग त्याचा डावा हात वरून येऊन त्याच मुठीवर बसला. सर धावत आले आणि त्यांनी माझं टोक मागून धरलं. मालनबाई "अगं माय, अगं माय" करत उभ्या राहिल्या. त्यांच्या मांडीवरच्या भाकरी मातीत पडल्या. आमेर आणि सर मला हळूहळू सोडत गेले, आणि सुरेखा जमिनीवर आली. तिच्या अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं.

तिने आमेरचा हात बघितला आणि ती त्याच्याकडे धावली.

"हाताकडं बघू नको," आमेर म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आधी तुझी गाठ सोड. मंग मी हात सोडतो."

दवाखान्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. राहिलेली नीट वळेनात. त्याला पाना धरता येईना, तेव्हा गॅरेजच्या उस्तादांनी त्याला काउंटरवर बसवलं. शिबिर झालंच नाही. त्या दिवशी मुलं आधी चढली असती तर काय झालं असतं, हा विचार करून सरांची झोप उडाली. त्यांनी वर्षभर कड्याचं नाव काढलं नाही.

मलाही लागलं होतं. दगडाच्या धारेने माझी साल एका ठिकाणी फाटली होती आणि आतल्या पांढऱ्या लडी दिसत होत्या. असा झटका बसलेल्या आणि अशी जखम झालेल्या दोराला पुन्हा माणसाचं वजन द्यायचं नसतं. सरांनी माझ्या टोकाला काळी चिंधी बांधली. काळी चिंधी म्हणजे बाद. सुरेखा मला घरी घेऊन गेली आणि तिने मला गोठ्यात टाकलं. आमेरचं रक्त माझ्यावर वाळलं होतं. ते धुवायचा तिला धीर झाला नाही.

मालनबाईंना काळी चिंधी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी मला म्हशीला बांधलं. पण मी पडलो गुळगुळीत, माझ्यावर साधी गाठ टिकत नाही. म्हैस सुटली आणि शेजाऱ्यांच्या घासाच्या पिकात जाऊन उभी राहिली. शेजारच्या सोनूबाईंनी तिला हाकत आणलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असला कसला दोर? दिसायला भारी आन् कामाला बिलकुल न्हाई." मला रडू यायचं बाकी होतं. ज्या दोराने माणसं तोलली, त्याने म्हैस सोडली असं माझं नाव झालं.

पण खरं दुःख वेगळंच होतं. मालनबाईंच्या घराच्या दारातून घारकडा समोर दिसतो. सुरेखा सुट्टीला घरी आली की कड्याकडे पाठ करून अंगण झाडायची. एकदा मालनबाईंनी तिला विचारलं, "आमेरला भेटायला गेल्ती का?"

"काय तोंड घेऊन जाऊ?" ती म्हणाली. "नारळाचं पाणी हाय म्हणून मीच म्हणले. माझ्या तोंडानं म्हणले."

मालनबाईंनी तिच्या हातातला झाडू घेतला आणि उरलेलं अंगण स्वतः झाडलं.

पुढची खंडेनवमी जवळ आली तेव्हा आमेर स्वतःच आला. कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. मालनबाईंनी त्याला बाज टाकून दिली आणि चहा ठेवला. सुरेखा चौकटीला टेकून उभी होती आणि त्याच्या हाताकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

"बघ ना," आमेर म्हणाला. "हात हाय, भूत न्हाई."

तिने बघितलं आणि ती रडायला लागली.

"सुरेखा, तू नारळाचं पाणी म्हणलीस, आन् बराबर हाय म्हणलो मी. मला बी चढायची घाई झाल्ती. आता एकटीनंच सगळं डोक्यावर घेऊन बसशील तर मी कुठं जाऊ?" मग तो मुद्द्यावर आला. "सर परत शिबिर घेऊन राह्यले. लेकरांचे आई-बाप तयार झाले. सरांनी मला इचारलं. मी म्हणलो, सुरेखा असली तर मी येतो, न्हाई तर न्हाई."

"मला जमणार न्हाई. मला भ्या वाटतं."

"मला बी वाटतं. म्हणून तर दोघं पाह्यजे."

जाताना त्याची नजर गोठ्यात गेली. "या खुदा," तो म्हणाला, "ह्याला म्हशीला बांधलं? सर बघतील तर जेवणार न्हाईत, मावशी." त्याने मला सोडवलं, हौदावर नेलं आणि डाव्या हाताने चोळून धुतलं. मग सावलीत बसून मला पुन्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सोडलं. जिथे त्याची मूठ होती तिथला डाग मात्र निघाला नाही. उजव्या हाताची तीनच बोटं माझ्यावरून फिरत होती आणि दोन बोटांच्या जागा रिकाम्या होत्या. मित्रांनो, त्या रिकाम्या जागा मला अजून जाणवतात.

खंडेनवमीला टेम्पोतून मुलं आली. हेल्मेटं त्यांच्या डोक्यांवर मोठी होत होती. माझ्या जागी नवा हिरवा दोर आलेला होता. दिसायला बरा होता, एवढंच सांगतो. सुरेखाने मलाही पूजेसाठी सोबत आणलं होतं. त्या वर्षीही पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता आणि त्या दिवशीही ऊन चटका लावत होतं. सर झेंडूची फुलं काढायला लागले, तेव्हा सुरेखा पुढे आली.

"सर, आधी पीठ."

तिने डबी उघडली. मुलं भोवती गोळा झाली. तिने चिमूटभर पीठ भेगेत दाबलं आणि फुंकर मारली. पीठ हललं नाही. तिने वाट बघितली, दुसरी चिमूट दाबली, पुन्हा फुंकर मारली. थोडं उडालं, पण बरंचसं चिकटून राहिलं.

मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वर तर कोरडंच दिसून राह्यलं." सुरेखा भेगेकडे बघत उभी होती. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला समजत होतं. खरंच ओल आहे, की आपण घाबरलोय? मुलांना परत पाठवलं तर लोक म्हणतील, एकदा पडली आणि कायमची भ्याली. 

"रातचं दव असंल," सर हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात कसली जबरदस्ती नव्हती, नुसती आशा होती. "थोडं ऊन वर येऊ द्या, मंग..."

सुरेखाने आमेरकडे बघितलं. आमेरने सरांच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट केलं. बोट म्हणजे, उरलेल्यांपैकी एक.

"सर," तो म्हणाला, "नारळ आजून पिशवीतच हाय."

 सरांनी पिशवी खाली ठेवली. तिच्यातून नारळाचा गोल आकार दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "बराबर हाय. आज न्हाई."

मुलं रडली. काही चिडली. सुरेखाने मला उचललं आणि माझं एक टोक बोरीला बांधलं. दुसरं तिने खुंटीपर्यंत नेलं आणि तिथे गाठ मारली. आमेरला आता गाठ मारता येत नाही. पण तो पूर्वीसारखाच आला, त्याने ती गाठ हाताने चाचपली, ओढून बघितली आणि म्हणाला, "पक्की हाय." मग सगळ्यांनी भाकरी खाल्ली. पूजा रस्त्याच्या कडेला टेम्पोपाशी झाली आणि नारळ तिथेच फुटला.

त्या दिवशी कड्यावरून काहीच पडलं नाही. म्हणून मुलांच्या काही आई-वडिलांनी फोन करून सरांना सुनावलं की लेकरांना उगाच परत पाठवलं. सुरेखालाही लोक बोलले. तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. न पडलेला दगड दाखवता येत नाही, मित्रांनो. दिवाळीच्या सुट्टीत पीठ उडालं तेव्हा मुलं चढली. पण ज्यांच्या घरच्यांना राग आला होता, त्यातली काही परत आलीच नाहीत.

तेव्हापासून मी इथे आहे. पाऊस झाला की मला बांधतात, पीठ उडालं की सोडतात. पूर्वी मी माणसांना वर न्यायचो, आता त्यांच्या वाटेत आडवा येतो. मला याचा आनंद आहे असं म्हणालो तर ते खोटं होईल. आणि मी काही भिंत नाही. गेल्याच आठवड्यात दोन मोटारसायकलवाले आले, कड्याला हात लावून "सुका हाय की" म्हणाले आणि माझ्याखालून वाकून आत गेले. वर अर्ध्यापर्यंत चढून त्यांनी फोटो काढले. मी नुसता वाऱ्यावर हलत राहिलो. ते धड खाली उतरले आणि हसत निघून गेले, पण तोपर्यंत माझा जीव त्या पट्ट्याखाली अडकला होता.

म्हणून तुम्हाला सांगतो. कधी इकडे आलात आणि मी बांधलेला दिसलो, तर माझ्याखालून जाऊ नका. ऊन आहे म्हणून जाऊ नका, लांबून आलोय म्हणून जाऊ नका. मन घाई करायला लागलं की कारणं आपोआप सापडतात, आणि ती खरीही असतात. तेव्हा थांबा आणि कोणाला तरी विचारा. जो तुम्हाला थांबवतो त्याला भित्रा म्हणू नका. तो कोणाच्या तरी हाताचा विचार करत असेल.

माझ्या मधोमध एक लालसर काळा डाग आहे. खंडेनवमीनंतर येणाऱ्यांना वाटतं, मला कुंकू लावलंय. काही जण त्याला हात लावून नमस्कारही करतात. करू देत. पण ते कुंकू नाही.